परदेशी जाताना कोकणातलं घर मागे ठेवायचं असेल तर – माहितीचा धागा

चिरेबंदी (धागाकर्ता)

व्हिसा झाला, तिकीट निघालं, गावचं कौलारू घर विकायचं नाही, मग आता त्याचं काय करायचं? हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेला आहे. उत्तरंही विखुरलेली आहेत. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मंगलोरी कौलं, लाकडी आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) आणि त्यावरून उतरणारे वासे, मागे विहीर, भोवती चार कलमं, असं घर गृहीत धरलं आहे. शहरातल्या फ्लॅटचं गणित वेगळं असतं, ते इथे नको.

पहिली गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. असं घर कुलूप लावून टिकत नाही. ते कुणाच्या तरी हवाली करावं लागतं. राहत्या घरात रोज चूल पेटते, धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर पडतो, त्यावर वासे आणि रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) कोरड्या राहतात, काजळीमुळे कीड बसत नाही. दारं उघडतात, वारा खेळतो. एक कौल सरकलं तर त्याच दिवशी थेंब दिसतो आणि कुणीतरी काठीने ते जागेवर ढकलतं. बंद घरात हेच कौल जूनपासून सप्टेंबरपर्यंत सरकलेलं राहतं. कोकणात चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पहिल्या वर्षी रीप कुजते, दुसऱ्या वर्षी वासा, आणि वासा खचला की त्या पाख्यावरची (छपराच्या उतारावरची) कौलं घसरू लागतात. त्यानंतर उघड्या पडलेल्या भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत उतरतं, मातीत बांधलेला चिरा सुटतो. अख्खं घर बसायला सुरुवात होते ती एका कौलापासून.

तेव्हा आधी माणूस ठरवा, मग कुलूप घ्या. शेजारी, भाऊबंद, वाडीतला कुणी, जो असेल त्याला दरमहा ठरलेले पैसे द्या. "येता-जाता लक्ष ठेवा" एवढ्यावर घर सोपवू नका. भिडेखातर घेतलेलं काम दुसऱ्या पावसाळ्यात सुटतं, आणि मग तुम्हालाही विचारता येत नाही.

त्या माणसाला कामं लिहून द्या. पंधरा दिवसांतून एकदा सगळी दारं-खिडक्या सकाळी उघडून संध्याकाळी लावायच्या. चूल दोन तास पेटवायची, नारळाची सुकी सोडणं आणि करवंट्या घालून धूर करायचा, आणि विस्तव पूर्ण विझल्याशिवाय घर सोडायचं नाही. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाऊन यायचं. दर वेळी ठरावीक बारा जागांचे फोटो पाठवायचे: चारही कोपरे, आढं आतून, न्हाणीघर, विहीर, मीटर वगैरे. जागा ठरलेल्या असल्या की मागच्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवून फरक कळतो. नुसतं "सगळं बरं आहे" या निरोपातून काहीच कळत नाही.

कौलं, वाळवी, कागदपत्रं, कलमं, सोबत न्यायचं सामान यांवर जाणकारांनी लिहावं.

वळचण

कौलांबद्दल लिहितो.

कौलं परतण्याचं, म्हणजे उतरवून, साफ करून पुन्हा लावण्याचं काम २० मेच्या आत संपलं पाहिजे. कामगार एप्रिलमध्येच सांगून ठेवावे लागतात, कारण मेमध्ये सगळ्या गावाला तेच हवे असतात. मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण १५-१६ लागतात, त्यावरून आपल्या पाख्याचा अंदाज काढा आणि किमान शंभर-दीडशे कौलं जादा ठेवा. ती त्याच साच्याची हवीत. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा पहिला कारखाना काढला, आणि नंतर कितीतरी कारखान्यांनी आपापले साचे वापरले. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं, ते वाचून घ्या. दोन साच्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, मध्ये बोटभर फट राहते आणि वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. गोठा किंवा जुनी पडवी उतरवणार असाल तर तिची कौलं विकू नका, तीच सुट्या भागांसारखी जपा. रचताना आडवी थप्पी मारू नका, उभी कडेवर लावा.

गळती शोधायची रीत अशी: भर दुपारी माळ्याची दारं बंद करून अंधार करा आणि वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खालच्या रिपेवर खडूची खूण करा. पावसात थेंब पडतो ती जागा गळतीची नसते. पाणी वाशावरून तीन-चार फूट उतरून मग खाली पडतं.

वर चढणाऱ्याने कौलाच्या मधोमध पाय देऊ नये. जिथे खाली रीप आहे तिथेच, शक्यतो आडवी फळी टाकून तिच्यावर. निम्मी कौलं माकडं फोडतात आणि निम्मी दुरुस्तीला चढलेली माणसं. शेवाळ एप्रिलच्या उन्हात कोरड्या ब्रशने काढा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कौलाची वरची साय जाते आणि ते पाणी पिऊ लागतं.

माजघर

वळचण, वरून निळी ताडपत्री टाकून दोन-तीन वर्षं सोडलं तर? किंवा कौलांवरच पत्रे?

वळचण

ताडपत्री एक पावसाळा कशीबशी काढते. उन्हाने तिचे तंतू सुटतात आणि बांधलेली दोरी वाऱ्यात कौलं ओढते. त्याहून वाईट म्हणजे खाली हवा कोंडते, सकाळी आतून पाणी सुटतं आणि वासे न गळताच कुजतात.

पत्र्याचं छप्पर करायचंच असेल तर कौलं पूर्ण उतरवून, वाऱ्याला धरून ठेवणारे हुक लावून, भिंत आणि पत्रा यांच्यात हवेला वाट ठेवून करा. कौलांवर पत्रा म्हणजे वाशांवर दुप्पट ओझं. घर राखायचं असेल तर कौलंच राखावीत, या मताचा मी आहे.

पश्चिमेच्या पडवीला झापं (नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे) बांधायला विसरू नका. वाऱ्याबरोबरची पावसाची झड तिकडूनच येते. मेअखेर बांधायची, दसऱ्याला सोडायची.

तळखडा

वाळवीवर.

वाळवी जमिनीतून येते आणि मातीच्या नळ्या करून लाकडापर्यंत चढते. त्या नळ्या दिसत राहणं हाच खरा बचाव. खांबाखालचा दगडी तळखडा उघडा ठेवा, त्याभोवती सिमेंट किंवा फरशी चढवू नका. भिंतीला टेकवून लाकूडफाटा, पेटारे, पुस्तकांचे गठ्ठे ठेवू नका, निदान एक फूट मोकळी जागा हवी.

औषध: क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रवरूप औषध), १ लिटर औषधात १९ लिटर पाणी. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे १२ मिलिमीटरची भोकं, फूट-फूट अंतरावर, प्रत्येक भोकात १ लिटर द्रावण हळूहळू जिरवायचं आणि भोक बुजवायचं. बाहेरून जोत्याच्या कडेने सळईने भोकं पाडून तेच. वासाचा त्रास होणाऱ्यांसाठी इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरला २.१ मिलि. दोन्ही विषारी आहेत, हातमोजे आणि तोंडाला मुखपट्टी लावूनच. विहिरीकडच्या भिंतीला यातलं काहीही घालू नका. जांभा सच्छिद्र असतो, औषध पहिल्या पावसात झिरपून थेट पाण्यात जाईल. त्या बाजूला नळ्या खरवडणं आणि नजर ठेवणं एवढंच.

अजून एक चूक वारंवार होते. निघण्याआधी "घर पक्कं करून जाऊ" म्हणून चिऱ्याला सिमेंटचा गिलावा आणि वर तेलरंग दिला जातो. चिरा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्याचं तोंड बंद केलं की ओल आत राहते, दोन वर्षांत गिलावा फुगून पडतो आणि सोबत चिऱ्याचा थर घेऊन येतो. चुना वापरा, किंवा तसंच सोडा.

मुखत्यार

कागदपत्रांची बाजू. ही कामं निघण्याच्या किमान तीन महिने आधी सुरू करा.

१. घर गावठाणात आहे की शेतीच्या सर्व्हे नंबरात, हे आधी पाहा. कोकणात बरीच घरं शेतजमिनीत असतात: जमिनीचा सातबारा वेगळा आणि घराचा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा वेगळा. दोन्हींवर नावं कोणाची आहेत? आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर वारस नोंद आत्ता करून घ्या. फेरफाराची (नाव बदलाच्या नोंदीची) नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, आणि एखादा सहहिस्सेदार मुंबईत असला की महिने जातात. परदेशातून हे करणं फार जड पडतं. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो, त्याची एक प्रत निघताना आणि पुढे दर सहा महिन्यांनी काढा.

२. वडिलांना जमीन तुमच्या नावे बक्षीस करायची असेल तर ती तुम्ही निघण्याआधी. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मिळू शकते, आणि निवासी असताना घेतलेली ठेवता येते. पुढे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. शेजारचा तुकडा घ्यायचं मनात असेल तर तेही आत्ताच.

३. मुखत्यारपत्र. "सर्व अधिकार" असं सरसकट देऊ नका. घरपट्टी, वीज, दुरुस्ती, मोजणी, तलाठी आणि ग्रामपंचायतीत अर्ज, गरज पडल्यास कोर्टात हजर राहणं, ही कामं एकेक करून लिहा आणि विक्री, गहाण, भाडेपट्टा यांचा अधिकार नाही असं स्पष्ट लिहा. दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. तिकडे गेल्यावर करायचं ठरलं तर भारतीय वकिलातीत साक्षांकन, किंवा तिथल्या नोटरीपुढे सही करून त्यावर अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला), आणि कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपतं, म्हणून मृत्युपत्र वेगळं हवं.

४. बँक. नोकरीसाठी किंवा कायमचं गेलात की साधं बचत खातं चालवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्यावं लागतं. त्यावर भारतात राहणारा नातेवाईक "पहिला किंवा हयात" या पद्धतीने जोडता येतो. घराच्या खर्चाचे पैसे, कलमांचं उत्पन्न, सगळं त्याच खात्यातून. भारतातला मोबाइल नंबर रिचार्ज करून जिवंत ठेवा. तो बंद पडला की ओटीपी येत नाही आणि सगळंच अडतं.

माजघर

वीज तोडून जावं की चालू ठेवावी?

मुखत्यार

चालू. मीटर काढला गेला तर पुढे नवीन जोडणीसारखी सगळी कागदपत्रं लागतात आणि सहहिस्सेदारांची संमती मागितली जाऊ शकते. वर्षभराच्या किमान बिलाएवढी रक्कम आगाऊ भरून ठेवा. शिवाय वीजबिल आणि घरपट्टीची पावती हा ताब्याचा पुरावा आहे. दुसऱ्याने उघडपणे, मालकाच्या विरोधात, सलग १२ वर्षं ताबा ठेवला तर तो हक्क सांगू शकतो, म्हणून वहिवाट तुमचीच आहे हे कागदावर दिसत राहिलं पाहिजे.

पाणवठा

विजेला पुरवणी: मेन स्विच खाली, पण पंपाची लाइन वेगळ्या स्विचवर ठेवा. विहिरीतला सबमर्सिबल महिन्यातून एकदा १०-१५ मिनिटं चालवला नाही तर त्याचा पंखा अडकून बसतो. इन्व्हर्टरची बॅटरी कुणाला तरी वापरायला देऊन टाका, दोन वर्षांनी ती मेलेलीच सापडेल. विहिरीवर लोखंडी जाळी बसवा, पालापाचोळा पडून पाणी कुजतं आणि जनावर पडण्याची भीती राहते. संडास आणि न्हाणीच्या जाळीतलं पाणी सुकलं की वास आणि झुरळं वर येतात. शेवटच्या दिवशी तिथे वाटीभर खोबरेल ओता, ते पाण्यावर तरंगतं आणि पाणी उडायला वेळ लागतो. फ्रिज रिकामा करून, पुसून, दाराला कापडाचा बोळा लावून उघडा ठेवा.

कलमी

हापूसच्या कलमांसाठी.

एका वर्षाच्या कराराने देऊ नका. ज्याला एकच हंगाम मिळणार तो त्याच हंगामात झाड पिळून घेतो. पॅक्लोब्युट्राझोलची (वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या औषधाची) मात्रा झाडाच्या विस्ताराच्या मीटरमागे ३ मिलि, म्हणजे ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, इतकीच असते. जास्त मोहोराच्या लोभाने ती दुप्पट-तिप्पट ओतली की पालवी आखडते आणि दोन-तीन वर्षांत झाड थकतं. करार किमान तीन वर्षांचा करा आणि त्यात लिहा: औषधाची मात्रा, शेणखत कोण घालणार, बांडगूळ वर्षातून एकदा फुलण्याआधी तोडायचं, खोडाच्या बुंध्याशी भुसा दिसला तर खोडकिडा समजून लगेच भोक साफ करायचं.

वणव्याचं कलम तर हवंच. पावसानंतर वाढलेलं गवत डिसेंबरपर्यंत वाळतं. जानेवारीच्या आत घराभोवती निदान दहा फूट आणि बागेच्या हद्दीने गवत काढून जमीन उघडी केली पाहिजे. बंद घरांना पावसाखालोखाल धोका याचाच.

करार लेखी असू द्या. त्यात "फळं घेण्यापुरता, जमिनीत हक्क नाही" हे वाक्य हवं आणि सातबाऱ्यावरच्या पीक पाहणीत कोणाचं नाव चढतंय ते दरवर्षी पाहा.

दर्यावर्दी

सोबत न्यायच्या सामानाबद्दल. ऑस्ट्रेलिया धरून लिहितो, न्यूझीलंडचे नियमही तितकेच कडक आहेत.

अंगणातली माती नेता येत नाही. पुडीभरही नाही. तुळशीचं रोप, कलमाची काडी, शेताचं बियाणं, तेही नाही. चपला-बुटांच्या तळाची माती घासून धुवा. पोळपाट, पाट, देव्हारा, सूप यांसारख्या लाकडाच्या आणि गवताच्या वस्तू नेता येतात, पण साल, कीड, भोकं किंवा माती नको, आणि उतरताना अर्जावर "आहे" असंच लिहायचं. लिहून दिलं आणि त्यांना पसंत पडलं नाही तर ते काढून घेतात किंवा तुमच्या खर्चाने धुरी देतात. न लिहिता सापडलं तर दंड आहे.

मोठं सामान जहाजाने पाठवताना लाकडी खोका आयएसपीएम १५ (लाकडी खोक्यांतून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का असलेलाच घ्या. त्याचा अर्थ लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं, किंवा धुरी दिलेलं आहे. गावच्या सुताराने ठोकलेला खोका बंदरात अडकतो.

देवघरातल्या मूर्ती: १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही. महत्त्वाच्या हस्तलिखित पोथ्यांना ही मुदत ७५ वर्षांची. जुनी दिसणारी पण तेवढी जुनी नसलेली मूर्ती असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून "पुरातन वस्तू नाही" असा दाखला आधी घ्या. आणि पणजोबांच्याही आधीचे टाक (देवांच्या प्रतिमा कोरलेले धातूचे पत्रे) असतील तर ते भाऊबंदांकडे किंवा गावातच राहू द्यावेत. ज्या घरात गणपती येतो तिथेच ते शोभतात, असं मनापासून वाटतं.

दागिने निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याला दाखवून निर्यात दाखला घ्या. परत येताना त्यावर जकात लागत नाही. फोटो आणि वजन आधीच सराफाकडून लिहून घेतलेलं असावं, काउंटरवर वेळ कमी असतो.

माजघर

मातीऐवजी घराचं काय नेता येईल? मुलांना पुढे दाखवता येईल असं.

दर्यावर्दी

कौल न्या. ते भाजलेलं असतं, मातीत मोडत नाही. शेवाळ आणि माती पूर्ण घासून, धुऊन, चार दिवस उन्हात वाळवून, आणि तरीही अर्जावर लिहून. पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेलं निवडा. वजन दोन-अडीच किलो, हातातल्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून.

माळ्यावरची पेटी

घराची नोंद करून ठेवा, ती कौलाहून जास्त टिकते. दोन दिवसांचं काम आहे.

आधी नकाशा: चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट धरून ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडव्या, परसदार. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. जुन्या घरांचे कोन काटकोन नसतात, नुसत्या लांबी-रुंदीवरून नकाशा जुळत नाही. दारांची उंची, उंबऱ्याची उंची, जोत्यापासून आढ्यापर्यंतचं अंतर. कोनाडे, खुंट्या, झोपाळ्याच्या कड्या यांच्या जागा. घर कधी पुन्हा उभं करायची वेळ आली तर सुताराला हेच लागेल. मग प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो, सकाळी नऊच्या आणि संध्याकाळी चारच्या उजेडात. आवाजही घ्या: रहाट, दाराची कडी, पागोळ्या.

भिंतीवरचे जुने फोटो फ्रेममध्ये ठेवून जाऊ नका. ओलीने फोटो काचेला चिकटतो, आणि ओढून काढला की चेहराच काचेवर राहतो. आत्ताच उघडा, ६०० डीपीआयला स्कॅन करा. आधीच चिकटलेला असेल तर काचेसकट स्कॅन करा, सोडवायच्या भानगडीत पडू नका. पोथ्या, कुंडल्या, जुने खरेदीखत यांच्या मूळ प्रती घरात ठेवू नका. कसर आणि उंदीर कागद ओळखत नाहीत. त्या शहरातल्या नातेवाइकाकडे, कोरड्या जागी.

माजघर

माजघराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा असतात, नावं आणि तारखांसकट. फोटोत त्या पुसटच येतात. त्यांचं काही करता येतं?

माळ्यावरची पेटी

येतं. चौकट कोरड्या फडक्याने हलकेच पुसा, ओलं फडकं लावू नका. चौकटीच्या पूर्ण उंचीचा एकसंध ट्रेसिंग पेपर घ्या (तो रोलवर मिळतो), वरच्या टोकाला रंगाऱ्याच्या कागदी चिकटपट्टीने लावा आणि सरळ खाली सोडा. खालची कड उंबऱ्याला टेकली पाहिजे, कारण सगळ्या उंच्या तिथूनच मोजायच्या. बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड पाडा, पुसट रेघही दिसते. मऊ, ४बी पेन्सिलने प्रत्येक खूण, नाव, तारीख त्याच अक्षरवळणात उतरवा. दाबून लिहू नका, खालची मूळ रेघ खरवडली जाते. उतरवून झालं की टेपने दोन-तीन खुणा उंबऱ्यापासून मोजून कागदाच्या कडेला आकडे लिहा. पावसाळ्यात कागद आखडला-ताणला तरी मग खरी उंची कळते. घडी न घालता गुंडाळून प्लास्टिकच्या नळीत. आणि घर सांभाळणाऱ्याला सांगून ठेवा, रंगकाम निघालं तर ती चौकट तेवढी सोडायची.